टप नसल्याचे पैसे

मराठी माणसाची निम्मी कमाई डोक्यावर छप्पर आणण्यात जाते आणि उरलेली निम्मी ते गळायचं थांबवण्यात. आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा गच्चीवर पत्रे टाकायचे की डांबर, या एकाच विषयावर वर्षानुवर्षं तहकूब होत आली आहे. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला कुणी सांगितलं, की जगात एक वस्तू अशीही आहे जिचं छप्पर काढलं की भाव चढतो, तर तो सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहील.

ही वस्तू म्हणजे बिनटपाची मोटार. कन्व्हर्टिबल. टप असतो, पण कापडी. घडी घालून मागे ठेवायचा आणि शक्यतो पुन्हा उघडायचा नाही. वास्तविक मोटारीचा जन्मच उघड्यावर झाला. सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांना टप नव्हता आणि बंदिस्त गाडी हा पैसेवाल्यांचा थाट होता. १९२०च्या दशकात अमेरिकन कारखान्यांनी बंद गाड्या स्वस्त केल्या, सामान्य माणूस पावसापासून वाचला, आणि नेमक्या त्याच सुमारास श्रीमंतांना उन्हात बसावंसं वाटू लागलं. तेव्हापासून टप नसल्याचे पैसे वेगळे पडतात. आपल्याला हा प्रकार माहीत आहे तो हिंदी सिनेमामुळे: घाटातला रस्ता, उघडी गाडी, नायिकेचा उडता स्कार्फ, आणि गाणं संपेपर्यंत दोघांपैकी कुणाच्याही डोळ्यात कचरा न जाणं. (स्कार्फचं प्रकरण तितकंसं निरुपद्रवी नाही. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरी उघड्या गाडीच्या चाकात स्कार्फ अडकूनच गेली. आपल्याकडच्या मोटारसायकलींना साडीगार्ड असतं, त्याची थोरवी असं काही वाचलं की पटते.)

तर अशा गाड्यांचा लिलाव पाहण्याचा योग आला तो भाच्यामुळे. तो फिनिक्सजवळ राहतो. तिथून जवळच्या स्कॉट्सडेल गावी दर जानेवारीत बॅरेट-जॅक्सन कंपनी जुन्या मोटारींचा मोठा लिलाव भरवते, १९७१पासूनचा आहे. ‘मामा, ग्रँड कॅन्यन काय, कुठे पळून जात नाही,’ भाचा म्हणाला. ‘हे बघ तू. हे बघितल्याशिवाय अमेरिका कळायची नाही.’ त्याच्या मामीला ग्रँड कॅन्यनच बघायचं होतं. पण भाच्याने तिकिटं आधीच काढली होती, आणि काढलेलं तिकीट वाया घालवणं आमच्या घराण्यात बसत नाही.

लासलगावच्या कांदा मार्केटात उभा राहिलेल्या माणसाला हा लिलाव अजिबात परका वाटणार नाही. तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग, इथे मोटारींची. तिथेही पुकारणारा अशा वेगाने बोलतो, की आपल्या मालाला काय भाव फुटला हे शेतकऱ्याला पावती हातात पडल्यावरच नीट कळतं. कांद्याच्या ट्रॉलीत मात्र हात घालून माल वरखाली करून पाहता येतो. इथे दर दोन गाड्यांमागे ‘हात लावू नये’ची पाटी. आणि आडत! आपल्याकडे भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याने भरायची की व्यापाऱ्याने, यावरून संप झाले, बाजार बंद पडले, शेवटी २०१६ साली सरकारला ती घेणाऱ्यावर टाकावी लागली. अमेरिकन माणसाने हा प्रश्न जास्त सामोपचाराने सोडवला आहे. तिथे आडत दोघांकडूनही घेतात. घेणाऱ्याने हातोडा पडलेल्या रकमेवर दहा टक्क्यांच्या आसपास मोजायचे, विकणाऱ्याने आपले वेगळे द्यायचे, आणि मग दोघांनी फोटोसाठी हसायचं.

तंबू म्हणजे तरी किती मोठा! आमचं अख्खं उपनगर त्यात मावून वर पार्किंगला जागा उरली असती. मोटारींच्या मधे मधे मालिश करणाऱ्या खुर्च्या, कढया, सोन्याच्या साखळ्या, गॅरेजच्या फरशा असं काहीबाही विकायला होतं. आमची बायको कढयांपाशी थांबली. मी आणि भाचा पुढे गेलो, आणि एका पांढऱ्या गाडीपाशी आमचे पाय थबकले.

शेव्हरोले कॉर्व्हेट, साल १९५३. हिची कुंडली सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी ही गाडी फक्त ३०० बनली, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावात. तीनशेच्या तीनशे पांढऱ्या, आतून लाल, टप काळा. रंग निवडण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे त्या वर्षी तीनशे घरांतली भांडणं टळली असणार. अंग पत्र्याचं नाही, फायबरग्लासचं. दिसायला अशी, की आत्ता झेप घेईल. पण इंजिन कंपनीच्या साध्या, संसारी गाड्यांतलं सहा सिलिंडरचं, थोडी तालीम देऊन १५० अश्वशक्तीपर्यंत आणलेलं. गिअर ऑटोमॅटिक आणि दोनच. किंमत ३,४९८ डॉलर. हीटर आणि रेडिओचे पैसे वेगळे. ते दोन्ही कागदावर ऐच्छिक होते आणि प्रत्यक्षात प्रत्येक गाडीत बसवलेलेच यायचे. ऐच्छिक पण सक्तीचं, ही पद्धत फक्त आपल्याकडच्या शाळांच्या फीमध्ये असते असा माझा समज होता.

खरी गंमत दारात आहे. या गाडीच्या दाराला बाहेरून मूठ नाही. उघडायचं कसं? तर वरून आत हात घालून, आतली कडी ओढायची. बरं, दाराला काचही नाही. पाऊस आला तर डिकीत पिशवीत ठेवलेले पारदर्शक पडदे काढायचे, दारांवर खोचायचे, कापडी टप चढवायचा, आणि मग आत जायचं असेल तर त्या पडद्याची फट सरकवून पुन्हा आत हात घालायचा. एवढ्यात पाऊस थांबत असे. थांबला नाही तरी फार बिघडत नसे, कारण सगळं बंद केल्यावरही पाणी आत यायचंच. पुढच्या वर्षी कंपनीने उत्साहाने ३,६४० गाड्या बनवल्या. त्यातल्या कितीतरी वर्ष संपलं तरी गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या होत्या. १९५५ साली बनवल्या जेमतेम ७००. गाडी बंदच पडायची, पण कशीबशी तगली. आज त्या पहिल्या तीनशेंतल्या गाड्यांना देव्हाऱ्यातल्या मूर्तीइतकं जपतात. पहिल्या दोन कंपनीने स्वतःच मोडीत काढल्या असं मानतात. तिसऱ्या क्रमांकाची २००६ साली याच स्कॉट्सडेलच्या लिलावात दहा लाख डॉलरांच्या वर गेली.

आमच्या समोरच्या गाडीशेजारी घडीच्या खुर्चीवर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. मांडीवर अल्बम. त्यांनी तो आपणहून उघडला. पहिल्या पानावर ज्याला गाडी म्हणायचं धाडस होणार नाही असं काहीतरी एका गोठ्यात पडलेलं होतं, आणि त्यावर एक कोंबडी बसलेली होती. मग पान उलटेल तसं ते सुटं होत गेलं. अल्बमच्या मध्यावर तर गाडी उरलीच नव्हती. गॅरेजच्या जमिनीवर पसरलेले शेकडो भाग आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. पुढची पानं उलट दिशेने जाणारी. शेवटच्या फोटोत गाडी आणि हे गृहस्थ, दोघेही चकाचक. त्यांच्या मागे अस्पष्ट दिसणाऱ्या त्यांच्या पत्नी पहिल्या फोटोत काळ्याभोर केसांच्या होत्या, शेवटच्या फोटोत पांढऱ्या.

‘खाली बघा,’ गृहस्थ म्हणाले.

गाडीखाली आरसे ठेवलेले होते. वाकून पाहिलं. खालची बाजू आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याहून स्वच्छ होती. सांगाड्यावर एके ठिकाणी कुणीतरी घाईघाईने खडूने फराटा मारला होता आणि बाजूला रंगाचा एक ओघळ आला होता. एवढं सगळं करून हे पुसायचं राहिलं, असं मी सौम्यपणे सुचवलं. गृहस्थांचा चेहरा उजळला. तो फराटा त्यांनी मुद्दाम काढला होता. कारखान्यात तपासनीस तिथे तशी खूण करायचा, जुने फोटो पाहून त्यांनी तिचा कोन ठरवला होता. आणि ओघळ? तोही त्यांचाच. तसा जमेपर्यंत त्यांनी तो भाग अनेकदा खरवडून पुन्हा रंगवला होता.

कॉर्व्हेट पूर्ववत करणाऱ्यांची एक राष्ट्रीय संस्था आहे, १९७४पासूनची. तिचे परीक्षक गाडी तपासून गुण देतात. नियम असा, की गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशी हवी. वाईट असून चालत नाही, हे आपण समजू शकतो. पण चांगली असूनही चालत नाही! रंग मुळाहून गुळगुळीत झाला, गुण कापले. सांधा मुळाहून नेटका बसला, गुण कापले. म्हणजे त्या काळचा एखादा कामगार शुक्रवारी संध्याकाळी घड्याळाकडे बघत जे काम उरकून घरी गेला, ते तसंच उरकल्यासारखं दिसावं म्हणून आज माणसं पैसा आणि पाठीचे मणके खर्च करतात. आमच्या बिल्डरने ओघळ, फटी आणि तिरके कोपरे आम्हाला मूळ स्वरूपात, कोणताही जादा आकार न घेता दिले आहेत. गुण द्यायला अजून कुणी आलेलं नाही.

‘चालते का?’ मी विचारलं.

प्रश्न साधा होता. पण गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवळात जाऊन गाभाऱ्याचं चौरस फुटात क्षेत्रफळ विचारलं.

‘चालते की. ट्रेलरवर चढते, ट्रेलरवरून उतरते.’

भाच्याने मराठीत खुलासा केला. अशी गाडी रस्त्यावर आणली की चाकाला माती लागते, पुढच्या बाजूला खडे उडतात, सायलेन्सर रंग बदलतो. म्हणून ती बंद ट्रेलरमधून प्रदर्शनाला जाते, बंद ट्रेलरमधून परत येते. गाडी चालवायची हौस ट्रक चालवून भागवायची.

एव्हाना बायको कढई घेऊन येऊन पोचली होती. तिने अल्बम शेवटून पहिल्या पानाकडे चाळला. (मासिकंही ती तशीच वाचते.) कोंबडीपाशी थांबून ती म्हणाली, ‘इतकी वर्षं खपलात, मग आता विकता कशाला?’

‘झाली ना पूर्ण,’ गृहस्थ म्हणाले.

या उत्तरावर मी तिथेच अडकलो. मला वाटत होतं की पैशासाठी विकत असतील. भाच्याने हिशेब सांगितला: भाग, रंग, क्रोम, चामडं आणि यंत्रशाळेची बिलं बेरजेला घेतली तर अशा उद्योगात सुटतं ते क्वचितच, स्वतःच्या मजुरीचे पैसे लावले तर कधीच नाही. माणूस गाडी दुरुस्त करायला घेतो ती दुरुस्त करायला. ती झाली की त्याचा हात रिकामा. दुसरीकडे घेणारा. त्याला नादुरुस्त काहीही सोसत नाही, पण चालवायचीही नाही. त्याच्या वातानुकूलित गोदामात तिच्यासारख्या आणखी असतात, आणि त्यांची चाकं हवेत राहतील असे घोडे लावलेले असतात. एवढ्या मोठ्या मोटारींच्या बाजारात मोटार हवी असलेला एकही माणूस नव्हता, हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं.

आणि भाव कसा ठरतो? इथे माझ्यातल्या मध्यमवर्गीयाला घामच फुटला. १९७१ साली प्लिमथ कंपनीने ‘हेमी कूडा’ नावाची गाडी कन्व्हर्टिबलमध्ये काढली. सात लिटरचं राक्षसी इंजिन, वर टप नाही. महाग होती, विमा कंपन्या अशा गाड्यांना जबर हप्ता लावत होत्या, कुणी फिरकलंच नाही. डझनभराच्या आसपास खपल्या. कुणी घेतली नाही म्हणून ती दुर्मीळ झाली आणि दुर्मीळ झाली म्हणून आता सगळ्यांना हवी झाली. २०१४ साली सिएटलच्या लिलावात त्यांतली एक ३५ लाख डॉलरला गेली.

याच्या बरोबर उलट कॅडिलॅक एल्डोराडोचं झालं. १९७०च्या दशकात अशी हवा होती, की सुरक्षिततेचे नवे नियम येणार आणि बिनटपाच्या गाड्या बंद होणार. कॅडिलॅकने १९७६ची एल्डोराडो ‘अमेरिकेतली शेवटची कन्व्हर्टिबल’ म्हणून बाजारात आणली. साडेअठरा फुटांहून लांब, ८.२ लिटरचं इंजिन. लोक तुटून पडले. १४,००० गाड्या बनल्या. त्यांतल्या शेवटच्या २०० एकसारख्या पांढऱ्या. कितीतरी जणांनी गाडी शोरूममधून थेट गॅरेजात नेली, वर चादर घातली आणि म्हातारपणाची सोय झाली म्हणून झोपायला गेले. पुढे १९८२ साली क्रायस्लरने पुन्हा कन्व्हर्टिबल काढली. मग १९८४च्या मॉडेलात खुद्द कॅडिलॅकनेच काढली. ‘शेवटची’वाल्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं. खटला टिकला नाही. सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे त्या गाड्या आजही ढिगाने आहेत, उत्तम स्थितीत आहेत, आणि नव्या साध्या गाडीच्या भावात मिळू शकतात. पितळेची जुनी भांडी आणि परदेशी साबणांचे रिकामे डबे उद्या भाव येईल म्हणून माळ्यावर साठवणाऱ्या आमच्या पिढीने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आपल्याकडचे नियम तर या मंडळींच्या मनासारखेच आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खासगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. वीस हजार रुपये भरायचे, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, दहा वर्षांची निश्चिंती. गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. रॅलीला, प्रदर्शनाला, देखभालीला नेता येते. आणि पेट्रोल भरायलाही नेता येते, असं नियमात स्पष्ट म्हटलं आहे. भरलेलं पेट्रोल पंपावरून घरी येण्यात संपवायचं, अशी कल्पना असावी. या बाबतीत कोल्हापूरकर मला जास्त शहाणे वाटतात. छत्रपतींच्या घराण्याची उघडी मेबॅक मोटार वर्षातून एकदा, दसऱ्याला, सीमोल्लंघनासाठी स्वतःच्या चाकांवर दसरा चौकात येते. सोनं लुटायला आलेल्या गर्दीतले निम्मे डोळे तिच्यावर असतात. माती लागते, आपट्याची पानं उडतात, गुण कापायला कुणी नसतं.

असो. पांढऱ्या कॉर्व्हेटची पाळी आली. गृहस्थ स्वतः आत बसले नाहीत. तंबूतल्या दोन पोरांनी गाडी ढकलत मंचावर आणली, म्हणजे इंजिनही तापायला नको. मग जे काही सुरू झालं त्याला बोलणं म्हणावं की मंत्र, हे सांगता येत नाही. पुकारणारा एका श्वासात पाच-सहा आकडे बोलत होता आणि मधल्या रिकाम्या जागा ‘अब्बडब्बडब्बड’ने भरत होता. खाली रिंगमन लोकांची धावपळ. एक रिंगमन एका जाड्या माणसाच्या समोर गुडघ्यावर बसून त्याच्या कानात काहीतरी कळवळून सांगत होता. माणसाने भुवई हलवली, की हा उडी मारून ‘येप्!’ करून ओरडे. मी त्या वेळात नाक खाजवलं नाही, चष्मा सरळ केला नाही, ओळखीचं कुणी दिसेल तर नमस्कार करायचा नाही असंही ठरवून टाकलं. बायकोने कढई दोन्ही हातांनी घट्ट मांडीवर धरली होती. ‘वर करू नकोस,’ भाच्याने तिला बजावलं होतं.

लाखाचा टप्पा डोळ्यांदेखत ओलांडला गेला. मग जाड्या माणसाच्या पत्नीने त्याच्या दंडाला हात लावला. सगळी यंत्रणा क्षणभर थांबली. रिंगमनने त्या बाईंकडे पाहिलं, बाईंनी रिंगमनकडे. मग तिने हात काढला, आणि हातोडा पडला. घेणाऱ्याने गाडीजवळ जाऊन तिला एकदाच प्रदक्षिणा घातली. दार उघडायला गेला. बाहेर मूठ सापडेना. गृहस्थांनी पुढे होऊन त्याला आत हात घालायला शिकवलं.

आम्हाला वाटलं होतं, म्हातारबुवा हळवे होतील. तासाभराने ते आम्हाला तंबूबाहेर बाकावर भेटले, मोबाइलमध्ये डोकं घालून. नेब्रास्कात कुठेतरी शेतात पडलेली एक गाडी होती. तळाचा पत्रा गंजून गेलेला, त्यातून गवत वर आलेलं. त्यांनी तो फोटो बोटांनी मोठा करून आम्हाला त्या गवताचं मूळ दाखवलं. त्यांच्या पत्नी शेजारी बसून कॉफी पीत होत्या. त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही. माझ्या बायकोकडे पाहिलं. दोघींचं काहीतरी बोलणं झालं असावं, शब्द मात्र ऐकू आले नाहीत.

‘तुमच्याकडे इंडियात अशा मिळतात का?’ गृहस्थांनी मला विचारलं.

‘मामाकडे बजाज चेतक आहे,’ भाचा म्हणाला. ‘स्कूटर. आमच्या आजोबांनी नंबर लावून घेतलेली. सोसायटीच्या जिन्याखाली उभी असते, टायर गेलेत, आत मांजर व्यालं होतं.’

गृहस्थ बाकावर सरळ होऊन बसले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला.

‘इंजिन मूळचंच? नंबर जुळतात?’

मी तोंड उघडण्याआधी बायको इंग्रजीत म्हणाली, ‘सगळे जुळतात. किती द्याल?’